सबमिट केलं... पुढे काय?

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. सबमिशनचा आठवडा, त्यामुळे आमच्या विंगमधल्या सगळ्या खोल्यांचे दिवे चालू. तेवढ्यात ताईचा फोन आला. माझी ताई पुण्यात नोकरी करते आणि नोकरी सांभाळून ऑनलाइन एम.टेक. करते. (कुठून, ते इथे सांगत नाही. मुद्दा एका संस्थेचा नाहीच.) ती शांतपणे म्हणाली, "मी हे सोडून द्यावं म्हणते."

मी उडालेच! ताई आणि अभ्यास सोडणार? बाबा रिटायर झाले त्याच वर्षी माझी इंजिनिअरिंगची ॲडमिशन झाली. दोघींचा खर्च एकदम झेपणार नाही, म्हणून ताईने हातात आलेली एम.टेक.ची सीट सोडली आणि नोकरी धरली. पुढे पगारातून पैसे साठवून तिने हा ऑनलाइन कोर्स घेतला होता.

"का गं? नीट शिकवत नाहीत का?"

"शिकवतात की. व्हिडिओ छान आहेत, सर हुशार आहेत."

"मग?"

"मग काही नाही. तीन महिन्यांत सात असाइनमेंट्स दिल्या. प्रत्येक वेळी स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत येतं, ‘सबमिटेड सक्सेसफुली’. काही दिवसांनी मार्क येतात. कमी का, जास्त का, कोणी सांगत नाही. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजही येऊ नये, तसं वाटतं."

त्या रात्री माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर प्रश्न माझाही होता. पुढच्या वर्षी मलाही ठरवायचंय : गेट देऊन दोन वर्षं कॅम्पसवर एम.टेक., की नोकरी आणि सोबत ऑनलाइन? म्हणून दिवाळीच्या सुट्टीत या विषयावर जे हाताला लागलं ते वाचून काढलं. पदवीनंतर ऑनलाइन शिकणारा माणूस समाधानी कशाने होतो आणि कशाने वैतागतो, हा तो विषय. आपल्या हॉस्टेलमधल्या बऱ्याच जणांवर ही वेळ येणार आहे, म्हणून हा लेखनप्रपंच!

आधी समाधान म्हणजे काय ते बघू

समाधान हा शब्द ऐकला की आपल्याला एकदम संतांची आठवण येते. पण हे मोजायचा प्रयत्न करणाऱ्या लोकांनी त्याची अगदी व्यवहारी व्याख्या केली आहे. रिचर्ड ऑलिव्हर या अमेरिकन संशोधकाने १९८० साली मांडलं की समाधान हे नुसत्या अनुभवातून येत नाही, तर अपेक्षा आणि अनुभव यांच्या तुलनेतून येतं. मूळ सिद्धांत ग्राहकांसाठी होता, पण शिक्षणालाही तो चपखल बसतो.

आपल्या मेसचंच उदाहरण घ्या ना. रविवारी फीस्ट असते. बोर्डावर ‘गुलाबजाम’ लिहिलं असलं आणि पानात शिरा पडला, तर शिरा कितीही चांगला असो, सगळी मेस पेटून उठते. पण एखाद्या बुधवारी न सांगता तोच शिरा आला तर आपण दोनदा वाढून घेतो! शिरा तोच, खाणारे तेच. फरक फक्त बोर्डाचा.

ऑनलाइन कोर्सचा हा ‘बोर्ड’ म्हणजे त्याची जाहिरात, पहिल्या दिवशी मिळणारा अभ्यासक्रम आणि आपल्या मनातलं कॉलेजचं चित्र. आणि इथे आपल्या पिढीची एक गोची आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपण शाळेत होतो. ऑनलाइन म्हटलं की आपल्याला आठवतात बंद कॅमेरे, "आवाज येतोय का?" आणि खालून कुकरच्या शिट्ट्या. पण तेव्हा जे चाललं होतं ते ऑनलाइन शिक्षण नव्हतं, तो संकटकाळातला तात्पुरता उपाय होता. चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२० मध्येच हा फरक स्पष्ट केला होता. पुरात अडकलेल्यांना होडीतून नेतात, म्हणून होडी म्हणजे एस.टी. होत नाही. नीट आखलेल्या ऑनलाइन कोर्सची तयारी तो सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून चालते.

एक खरंखुरं उदाहरण

अशा नीट आखलेल्या कोर्सचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या जॉर्जिया टेक या संस्थेचा कॉम्प्युटर सायन्सचा ऑनलाइन मास्टर्स. उडॅसिटी ही कंपनी आणि ए.टी. अँड टी. यांना बरोबर घेऊन त्यांनी जानेवारी २०१४ मध्ये तो सुरू केला. पहिल्या तुकडीत सुमारे ३८० विद्यार्थी होते. संपूर्ण पदवीची फी साधारण ७ हजार डॉलर, म्हणजे कॅम्पसवरच्या फीच्या मानाने अगदीच कमी. अनेकांनी तेव्हा नाकं मुरडली. पण २०२४ मध्ये या कोर्सला दहा वर्षं झाली, तोवर १० हजारांहून जास्त विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले होते. पदवीच्या कागदावर ‘ऑनलाइन’ असा शब्दही नसतो!

जोशुआ गुडमन, ज्युलिया मेल्कर्स आणि अमांडा पॅले या तिघांनी या कोर्सचा अभ्यास करून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कॅम्पसवरच्या मास्टर्ससाठी अर्ज करणारा सरासरी विद्यार्थी २४ वर्षांचा, नुकताच कॉलेजमधून बाहेर पडलेला आणि बहुतेक वेळा परदेशी. ऑनलाइनसाठी अर्ज करणारा सरासरी ३४ वर्षांचा, नोकरीत स्थिरावलेला अमेरिकन. आणि ऑनलाइनला ज्यांना थोडक्यात प्रवेश मिळाला नाही, त्यांच्यापैकी फारच थोडे दुसरीकडे कुठे शिकायला गेले. म्हणजे त्यांच्यापुढे ‘कॅम्पस की ऑनलाइन’ असा पर्यायच नव्हता. त्यांच्यापुढे ‘ऑनलाइन की काहीच नाही’ एवढाच पर्याय होता.

हे वाचलं आणि मला एकदम ताई दिसली.

आता विचार करा. चौतिशीतला, घरदार-नोकरी असलेला माणूस कोर्सकडून काय मागेल? त्याला कॅन्टीन नको, गॅदरिंग नको. त्याच्याकडे रोजचे दोन तास आहेत, तेही झोपेतून काढलेले. ते वाया जाऊ नयेत, एवढंच त्याचं मागणं. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या समाधानाची सुरुवात इथून होते. आपल्यासारखा तो अटेंडन्ससाठी बसलेला नसतो!

ज्याने वैताग येतो, आणि ज्याने समाधान मिळतं

तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे की! व्हिडिओ चांगले करा, वेबसाइट जलद करा, झालं समाधान. इथेच खरी गंमत आहे.

मॅनेजमेंटच्या पेपरसाठी आपण सगळ्यांनी हर्झबर्ग पाठ केला आहे (आणि पेपर झाल्यावर विसरलोही आहोत). फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर्स आणि अकाउंटंट्सच्या मुलाखती घेऊन १९५९ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की असमाधान दूर करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि समाधान देणाऱ्या गोष्टी वेगळ्या. ऑफिसातला पंखा बंद असेल तर माणूस वैतागतो. पण पंखा चालू आहे म्हणून कोणी आनंदाने कामाला येत नाही. आनंद मिळतो तो काम जमल्याचा आणि कोणीतरी त्याची दखल घेतल्याचा.

ऑनलाइन कोर्सला हे लावून बघा. पहिल्या यादीत येतं : आवाज नीट न येणं, व्हिडिओ अडकणं, परीक्षेची तारीख आयत्या वेळी बदलणं, नोट्स पाच ठिकाणी विखुरलेल्या असणं. हे सगळं ‘पंखा’ आहे. तो दुरुस्त हवाच, नाहीतर माणूस पळून जाईल. पण तो दुरुस्त आहे म्हणून कोणी टिकेलच असं नाही.

व्हिडिओबद्दल एक अभ्यास मात्र सगळ्यांनी, विशेषतः आमच्या सर-मॅडमनी, वाचण्यासारखा आहे. फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्सवरच्या चार कोर्सेसमध्ये व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. विद्यार्थी सर्वांत मन लावून बघतात ते सहा मिनिटांपेक्षा छोटे व्हिडिओ. भरपूर खर्च करून स्टुडिओत केलेल्या व्हिडिओपेक्षा, शिक्षक आपल्या टेबलाशी बसून समोरच्याशी बोलल्यासारखं शिकवतात, तो जास्त बघितला जातो. छापील स्लाइड्सपेक्षा हाताने लिहीत लिहीत समजावलेलं जास्त भावतं. वर्गातलं तासाभराचं लेक्चर तसंच्या तसं रेकॉर्ड करून त्याचे तुकडे पाडले तर मात्र ते तितकंसं चालत नाही.

नीट बघा, या निष्कर्षांतही एकच धागा आहे. व्हिडिओतसुद्धा विद्यार्थी शोधतो आहे तो माणूसच. ‘हे माझ्याशी बोलतायत’ असं त्याला वाटायला हवं.

तीन धागे

मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये दूरशिक्षणातल्या तीन प्रकारच्या देवाणघेवाणी सांगितल्या : विद्यार्थी आणि विषय, विद्यार्थी आणि शिक्षक, विद्यार्थी आणि विद्यार्थी. पुढे २००० साली गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या कॅनडातल्या संशोधकांनी हाच विचार वेगळ्या शब्दांत मांडला. त्यांच्या मते चांगल्या ऑनलाइन वर्गात तीन प्रकारचं ‘असणं’ लागतं. शिकवणारा असल्याचं जाणवलं पाहिजे, बरोबरीचे असल्याचं जाणवलं पाहिजे, आणि डोकं खरोखर कामाला लागलं आहे हेही जाणवलं पाहिजे.

कॅम्पसवर हे तिन्ही धागे आपोआप विणले जातात. लॅबमधून बाहेर पडताना सर एक वाक्य बोलून जातात, "तुझा ग्राफ चुकलाय, स्केल बघ." शेजारच्या खोलीतली मैत्रीण रात्री एक वाजता डेरिव्हेशन समजावते, बदल्यात मॅगी मागते. यातलं काहीच टाइमटेबलमध्ये लिहिलेलं नसतं. ऑनलाइनमध्ये जे टाइमटेबलमध्ये नाही ते घडतच नाही! म्हणून तिथे हे सगळं मुद्दाम आखावं लागतं. प्रश्नाचं उत्तर किती तासांत मिळेल, असाइनमेंटवर शेरा कोण लिहील, चार जणांचा गट कसा पडेल, हे आधी ठरलेलं असावं लागतं.

ताईच्या कोर्सचं दुखणं आता माझ्या लक्षात आलं. पहिला धागा मजबूत होता : विषय, पुस्तकं, व्हिडिओ सगळं उत्तम. दुसरा आणि तिसरा धागा जवळजवळ नव्हताच. एका पायावर उभं राहून माणूस किती दिवस तग धरणार? नव्याचे नऊ दिवस संपले की पाय दुखायला लागतोच.

पण इतक्या जणांकडे लक्ष देणार कोण?

हा प्रश्न रास्त आहे. जॉर्जिया टेकमध्येही तो आला. तिथले प्राध्यापक अशोक गोयल कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा एक कोर्स शिकवतात. त्यांच्या ऑनलाइन वर्गात सुमारे ३०० विद्यार्थी आणि एका सेमिस्टरमध्ये त्यांचे १० हजारांच्या आसपास संदेश! त्यातले कितीतरी प्रश्न पुन्हा पुन्हा तेच : डेडलाइन कधी, फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये. म्हणून २०१६ च्या सुरुवातीच्या सेमिस्टरमध्ये त्यांनी ‘जिल वॉटसन’ नावाची एक टीचिंग असिस्टंट नेमली. ती माणूस नव्हतीच, आय.बी.एम.च्या वॉटसन तंत्रावर बनवलेला प्रोग्रॅम होता. सेमिस्टर संपता संपता हे जाहीर केलं, तेव्हा बरेच विद्यार्थी चकित झाले.

आज आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये उत्तरं देणारे प्रोग्रॅम आहेत, त्यामुळे आपल्याला याचं फारसं आश्चर्य वाटणार नाही. पण जिलच्या गोष्टीत मला महत्त्वाचं वाटलं ते कामाचं वाटप. डेडलाइन कधी, हे यंत्राने सांगितलं तरी चालतं. किंबहुना रात्री दोन वाजता लगेच सांगितलं तर उत्तमच. पण ‘तुझा विचार इथे घसरला आणि इथे मात्र छान जमला’ हे कोणी सांगितलं, याने फरक पडतो. पहिल्या प्रकारच्या कामातून शिक्षक मोकळे झाले तर दुसऱ्या प्रकारच्या कामाला वेळ उरेल. ते मोकळेही झाले आणि दुसरं कामही यंत्राकडेच गेलं, तर मात्र विहीर पुन्हा मुकीच!

समाधान म्हणजे शिकणं नव्हे

इथे एक धोक्याचा कंदील दाखवायलाच हवा. विद्यार्थी समाधानी म्हणजे तो शिकला, असं नाही. हार्वर्डमधले लुई डेलॉरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिजिक्सच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना सुंदर, ओघवतं लेक्चर दिलं. बाकीच्यांना तोच भाग गटात बसून, डोकं खाजवत, स्वतः सोडवायला लावला. नंतरच्या चाचणीत डोकं खाजवणाऱ्यांना जास्त मार्क पडले. पण ‘मी किती शिकलो?’ असं विचारल्यावर ‘भरपूर’ म्हणाले ते लेक्चरवाले! हा प्रयोग ऑनलाइन वर्गातला नव्हता, पण धडा आपल्यालाही लागू आहे. ओघवतं ऐकलं की समजल्यासारखं वाटतं. पेन हातात घेतलं की कळतं, किती समजलंय ते.

म्हणून कोर्स संपल्यावर फीडबॅक फॉर्ममध्ये पाच तारे देताना स्वतःला विचारायला हवं : मला हे सोपं गेलं म्हणून आवडलं, की जमलं म्हणून आवडलं?

आपल्या दाराशी

हे सगळं अमेरिकेपुरतं नाही. आपल्याकडे एन.पी.टी.ई.एल. २००३ मध्ये सात आय.आय.टी. आणि बंगळूरची आय.आय.एस्सी. यांनी मिळून सुरू केलं. प्रमाणपत्र मिळणारे कोर्स २०१४ पासून आहेत. ‘स्वयम्’ २०१७ मध्ये आलं. यू.जी.सी.च्या २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठांना एका सेमिस्टरमधल्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्सेससाठी ‘स्वयम्’चे क्रेडिट्स मान्य करता येतात. आधी, २०१६ च्या नियमांत, ही मर्यादा २० टक्के होती. म्हणजे ऑनलाइन शिक्षण आता ‘जमलं तर करू’ या प्रकारातलं राहिलेलं नाही.

एन.पी.टी.ई.एल. करणाऱ्या आमच्या हॉस्टेलच्या एम.टेक.च्या मुलींना मी विचारलं, "काय आवडतं?" सगळ्यांची उत्तरं एकाच दिशेची. दर आठवड्याला असाइनमेंट असते, तिची तारीख पक्की असते, आणि शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊन, सुपरवायझरच्या नजरेखाली द्यावी लागते. बहुतेक कोर्सेसमध्ये असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. एकजण म्हणाली, "घरबसल्या मिळालं असतं तर त्या सर्टिफिकेटची मलाच किंमत वाटली नसती." अवघड परीक्षेनेही समाधान मिळतं बरं का! फक्त ती कधी, कशी, कशावर, हे पहिल्या दिवशी माहीत हवं. मेसचा बोर्ड खरा हवा, एवढंच.

ताईचं काय झालं?

सुट्टीत मी ताईला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तू पेपर लिहितेयस की मला समजावतेयस?" पण ऐकून घेतलं. मग तिने दोन गोष्टी केल्या. बॅचमधल्या चौघांना मेसेज टाकला आणि दर रविवारी सकाळी नऊ वाजता एकत्र प्रॉब्लेम सोडवायचे ठरवले. त्यातला एक नागपूरचा, एक कोचीचा, दोघी पुण्याच्याच, ताईपासून चार किलोमीटरवर. तीन महिने एकमेकींना माहीत नव्हत्या! दुसरी गोष्ट, तिने कोर्सच्या सरांना सरळ ईमेल केला : "माझी पाचवी असाइनमेंट कुठे चुकली, दोन ओळींत सांगाल का?"

नऊ दिवसांनी उत्तर आलं. तीन ओळींचं. दोन ओळींत चूक आणि तिसरी ओळ : दुसऱ्या प्रश्नाची तुमची पद्धत वेगळी आहे, आवडली. ताईने त्याचा स्क्रीनशॉट मला पाठवला, रात्री पावणेबाराला. सोबत एकही शब्द नाही.

ताईने कोर्स सोडलेला नाही. अजून दोन सेमिस्टर बाकी आहेत आणि सगळं आता गोड झालंय असंही नाही. सहाव्या असाइनमेंटवर अजून शेरा नाहीच.

माझंही अजून ठरलेलं नाही. पण ऑनलाइन घ्यायचं झालं तर फी भरायच्या आधी काय विचारायचं ते आता पक्कं आहे. प्रश्नाचं उत्तर किती दिवसांत मिळेल? असाइनमेंटवर शेरा मिळतो की नुसते मार्क? बॅचमधल्यांशी कामानिमित्त बोलणं होतं का? परीक्षा कशी आणि कुठे? आणि आधी शिकून गेलेल्या एखाद्या नोकरदार विद्यार्थ्याशी मला बोलता येईल का? व्हिडिओ एच.डी. आहेत का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

आणि सर-मॅडम, तुमच्यापैकी कितीतरी जण उद्या असे कोर्स तयार कराल. आमची एकच विनंती. कॅमेरा साधा असला तरी चालेल. फक्त आम्ही टाकलेला दगड पाण्याला लागला, हे कधीतरी कळू द्या!